त्यांच्या डोक्याचं देणं

इंग्लंड-स्कॉटलंडमधला एखादा जुना फुटबॉलपटू स्मृतिभ्रंशाने गेला, की चाहत्यांमध्ये एक ठरलेलं भांडण सुरू होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये नॉबी स्टाइल्स गेले तेव्हा झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये बॉबी चार्ल्टन गेले तेव्हा झालं, जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडचे डेनिस लॉ गेले तेव्हाही झालं. एक बाजू आठवणी काढते. काय माणसं होती! घोट्याएवढ्या चिखलात खेळायची, पाणी पिऊन जड झालेल्या चामडी चेंडूला बेधडक डोकं लावायची, रक्त आलं तर पुसून पुन्हा धावायची; आणि आजची पोरं धक्का लागायच्या आत लोळण घेतात. दुसरी बाजू म्हणते, ते सगळं क्रौर्य होतं, त्याचं कौतुक करणारेही दोषी आहेत, हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, आजच्या आज बंद करा. मग पहिली बाजू दुसरीला नाजूक ठरवते, दुसरी पहिलीला निर्दयी. चार दिवसांत सगळे गप्प होतात, ते पुढचा मृत्यू येईपर्यंत. ज्याच्यावरून भांडण सुरू झालं तो म्हातारा, त्याला घास भरवणारी त्याची बायको, त्याच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी, यांच्याबद्दल या गदारोळात कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या खेळाडूंच्या कणखरपणाचं कौतुक जरूर करावं, ते त्याला पात्र होते. पण तो कणखरपणा नुसता त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांच्या नोकरीची अट होती. नोकरीच्या अटीमुळे जडलेल्या आजाराला व्यवसायजन्य आजार म्हणतात आणि त्याचा भार ज्या उद्योगाने त्या श्रमावर कमाई केली त्याने उचलायचा असतो. फुटबॉलने हा भार अजून नीट उचललेला नाही. तो उचलायला लावण्याची सगळ्यात मोठी ताकद चाहत्यांकडे आहे, आणि ते ती आठवणींच्या बाजूने किंवा आठवणींच्या विरुद्ध भांडण्यात वाया घालवत आहेत.

मी हे बाहेरून बोलत नाही. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. संघांची नावंसुद्धा तालमींची, पाटाकडील, दिलबहार. आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्ख्या पेठा तिथे. त्यामुळे खेळाडूला तोलायची मापंही आम्ही लाल मातीतून आणली. रांगडा, दणकट, हाडापेराचा. ‘डोकं फुटलं, पट्टी बांधली आणि परत उतरला’ हे वाक्य मी लहानपणी इतक्या जणांबद्दल ऐकलंय, की ते मला खेळाडूच्या पदवीसारखं वाटायचं. भारतीय फुटबॉलच्या सगळ्यात उजळ आठवणीतही हीच पट्टी आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना पुढे आघाडीवर खेळवलं. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना २-१ ने जिंकला, त्यातला एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा या टाके पडलेल्या जर्नैलसिंगांचा. ही गोष्ट सांगताना आजही माझा आवाज चढतो. पुढचा भाग सांगताना तो खाली येतो. २०२० च्या मार्चमध्ये पी. के. गेले, तेव्हा पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश हे दोन्ही आजार त्यांच्या सोबतीला होते. त्यांचा आजार फुटबॉलमुळेच होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला कुणाकडेच आधार नाही. मी एवढंच म्हणतो, की त्यांचे गोल ज्यांना पाठ होते त्यांच्यातल्या किती जणांनी हा प्रश्न निदान स्वतःला तरी विचारला?

डोक्याला बांधलेली पट्टी आपल्या आठवणीत फार घट्ट बसते. २००२ मध्ये अँटिग्वात तुटलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजीला आलेला अनिल कुंबळे आपण विसरलेलो नाही. इंग्लंडच्या चाहत्यांसाठी तसंच चित्र टेरी बुचर यांचं आहे. सप्टेंबर १९८९, स्टॉकहोम, विश्वचषकाचा पात्रता सामना. कपाळ फुटलं, टाके घातले, पट्टी बांधली, आणि त्यानंतरही ते प्रत्येक उंच चेंडूला डोकंच लावत राहिले. सामना संपला तेव्हा पांढरा शर्ट पुढून लाल झाला होता. त्याआधी एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या १९५६ च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचे गोलरक्षक बर्ट ट्राउटमान मान मोडलेली असताना शेवटची सतरा-एक मिनिटं खेळले. मान मोडली आहे हे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळलं. या गोष्टी खऱ्या आहेत आणि थरारक आहेत. पण आपली दिशाभूल त्यांनीच केली आहे. दिसणारी जखम लक्षात राहिली, आणि ती भरूनही आली. मेंदूला जे झालं ते रक्ताविना झालं. मंगळवारी सकाळी, रिकाम्या मैदानावर, दोरीला टांगलेल्या चेंडूला सलग पन्नास वेळा डोकं लावताना झालं. ते पाहायला कुणी चाहता नव्हता, त्याचा कुणी फोटो काढला नाही, आणि खेळाडूलाही त्या रात्री काही दुखलं नाही.

जेफ अॅस्टल यांची कहाणी यासाठीच मला सारखी आठवते. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे हे सेंटर फॉरवर्ड नॉटिंगहॅमशरच्या ईस्टवूड या खाणगावात जन्मले. क्लबसाठी ३६१ सामन्यांत १७४ गोल. १९६८ च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्ध जादा वेळेत त्यांनी एकमेव गोल केला. चाहत्यांनी त्यांना ‘द किंग’ म्हटलं, नेदरटनच्या कालव्यावरच्या पुलावर तशी अक्षरं रंगवली. त्यांची ख्याती हेडरची, पण गंमत पाहा, वेम्बली स्टेडियमवरचा तो गोल त्यांनी डाव्या पायाने मारला होता. पाय कीर्ती देऊन गेला. रोजची मजुरी डोक्याने केली. १९ जानेवारी २००२ रोजी, अवघ्या ५९ व्या वर्षी ते गेले. तोवर आपण कधी फुटबॉल खेळलो होतो हेही त्यांना आठवत नव्हतं, असं त्यांची मुलगी डॉन पुढे अनेकदा सांगत आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने निकाल दिला: औद्योगिक आजाराने मृत्यू. २०१४ मध्ये ग्लासगोचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. विली स्ट्युअर्ट यांनी त्यांचा जतन केलेला मेंदू पुन्हा तपासला. अल्झायमर समजलं गेलेलं दुखणं क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी निघालं, म्हणजे डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू झिजत जाण्याचा आजार. मुष्टियोद्ध्यांमधली अशी झीज अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात १९२८ मध्येच नोंदवली गेली होती.

‘औद्योगिक आजार’ या शब्दांनी २००२ मध्येच सगळा वाद योग्य जागी आणून ठेवला होता. आपल्याकडे गिरणगावाने हा शब्द किंमत मोजून शिकलेला आहे. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांची छाती भरायची. आठवड्याच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की श्वास जास्त कोंडायचा, ही त्या आजाराची ओळखीची खूण. बिसिनोसिस हे त्याचं वैद्यकीय नाव. आज ते आपल्याकडे कामगारांना भरपाई देणाऱ्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. तिथे ते आपोआप गेलं नाही. ‘गिरणीत काम म्हटल्यावर खोकला येणारच’, ‘कामगार बिड्या ओढतात’, ‘खात्रीने कसं सांगणार’ ही वाक्यं ओलांडून ते तिथे पोचलं. ब्रिटनच्या कोळसा खाणींतही तेच झालं. चार्ल्टन बंधूंचं अॅशिंग्टन, अॅस्टलांचं ईस्टवूड ही खाणींचीच गावं. खाणीत उतरलेल्या शेजाऱ्याच्या फुफ्फुसात धूळ साचली तर तो आजार कामाचा, आणि त्याच गल्लीतून फुटबॉलला गेलेल्या पोराचा मेंदू झिजला तर ते त्याचं नशीब, हा कुठला न्याय?

आता विरुद्ध बाजू. तिचे मुद्दे हलके नाहीत.

सर्वात भक्कम आक्षेप पुराव्याचा आहे. म्हातारपणी स्मृतिभ्रंश सगळ्या थरांत होतो, तो कवी, शिक्षक, गृहिणी कुणालाही सोडत नाही. पाच नामांकित खेळाडूंची नावं घेऊन कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी चार्ल्टन अशा पाच जणांना स्मृतिभ्रंशाने गाठलं. हे चटका लावणारं आहे, पण अकरा माणसांवर शास्त्र उभं राहत नाही हे मला मान्य आहे. म्हणूनच ग्लासगो विद्यापीठाच्या, ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाकडे यायला हवं. १९०० ते १९७६ दरम्यान जन्मलेले ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडू एका बाजूला, त्याच वयाची आणि सारख्याच सामाजिक-आर्थिक स्थितीतली २३ हजारांहून जास्त सामान्य माणसं दुसऱ्या बाजूला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघालं, त्यात अल्झायमरचं सुमारे पाच पट. त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली आहे, आणि हेडर-विरोधक ती बहुतेक वेळा गाळतात: हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण या खेळाडूंमध्ये कमी होतं, सत्तरीपर्यंत ते इतरांपेक्षा कमीच मरत होते. फुटबॉलने त्यांना बळकट शरीर दिलं यात शंका नाही. ‘जास्त जगले म्हणून विसरले’ अशी पळवाट मात्र त्यातून निघत नाही, कारण साडेतीन पटीचा आकडा हा फरक हिशेबात धरूनच काढलेला आहे.

आणि २०२१ मध्ये त्याच गटाने खेळाडूंची मैदानावरची जागा पाहिली. गोलरक्षकांचा धोका सामान्य माणसाइतकाच होता. बचावपटूंचा सुमारे पाच पट. कारकीर्द जितकी लांब, तितका धोका जास्त. पुढे २०२३ मध्ये स्वीडनमधल्या सहा हजारांहून जास्त अव्वल खेळाडूंचा अभ्यास आला. तिथे वाढ कमी होती, सुमारे दीड पट, पण गोलरक्षक तिथेही सुटलेलेच होते. दारू, आहार, गरिबी, त्या पिढीच्या सवयी ही सगळी कारणं गोलरक्षकालाही लागू होती. तोही त्याच बसमधून जायचा, त्याच पबमध्ये बसायचा. फक्त चेंडू त्याने हातात घेतला. दोन देशांतल्या हजारो माणसांमध्ये हाच एक फरक उठून दिसत असेल, तर एखाद्या विशिष्ट माणसाच्या बाबतीत खात्री नाही म्हणून सगळ्यांचीच जबाबदारी कशी टाळता येईल? गिरणीतल्या एका ठरावीक कामगाराचा खोकला धुळीचा की बिडीचा, हे तरी छातीवर हात ठेवून कोण सांगू शकत होतं?

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे, आणि मला तोच जास्त बोचतो. या खेळाडूंनी हे स्वखुशीने केलं, त्यांना खेळ प्रिय होता, पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा हेच करू असं त्यांच्यातले कित्येक म्हणतात. तुम्ही त्यांना बिचारं बनवताय, त्यांच्या आयुष्याचा अपमान करताय. हा इशारा ऐकण्यासारखा आहे. लिव्हरपूल क्लबच्या टॉमी स्मिथ यांना बिचारा म्हणण्याची हिंमत मी करणार नाही. क्लबच्या मैदानाच्या नावावरून ‘अॅनफिल्डचं लोखंड’ ही त्यांची ओळख. स्मिथ जन्माला आला नाही, तो खाणीतून काढला, असं त्यांचे प्रशिक्षक बिल शँक्ली म्हणत असं लिव्हरपूलमध्ये अभिमानाने सांगतात.

पण स्वखुशी कशाला म्हणायचं? १९६१ च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नव्हतं. आपल्याच न्यूकॅसल क्लबविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम न्यायालयात गेले आणि १९६३ मध्ये तो नियम अन्याय्य ठरला. १९६५ पर्यंत लीग सामन्यात बदली खेळाडूच नव्हता. ट्राउटमान बाहेर गेले असते तर संघ दहा जणांवर आला असता आणि गोलमध्ये कुणा बचावपटूला उभं राहावं लागलं असतं. मान मोडून खेळणाऱ्याच्या मनाला मी सलाम करतो. पण बदली खेळाडूची साधी सोय नसल्यामुळे ज्याला थांबताच येत नव्हतं, त्याच्या न थांबण्याला नुसती हौस कसं म्हणू? आणि सर्वात महत्त्वाचं: निवड करायला माहिती लागते. गुडघा जाईल हे त्यांना ठाऊक होतं, तो त्यांनी पत्करला. पंचावन्नाव्या वर्षी बायकोचं नाव आठवणार नाही, हे कुणी सांगितलं होतं त्यांना?

स्मिथांचंच पुढे पाहू. २५ मे १९७७, रोम, युरोपियन कपचा अंतिम सामना. स्टीव्ह हायवे यांच्या कॉर्नरवर उसळून त्यांनी जो गोल केला तो डोक्याने. लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या तीन पिढ्यांना तो क्षण तोंडपाठ आहे. निवृत्तीनंतर सांध्यांनी त्यांना जखडलं, चालणं कठीण झालं, अपंगत्वाचा सरकारी भत्ता सुरू झाला. १९९६ मध्ये वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्याआधी त्यांनी हौसेने एक पेनल्टी मारली, आणि चेंडूला लाथ मारू शकतो म्हणून तो भत्ता काढून घेतला गेला. शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. एप्रिल २०१९ मध्ये ७४ व्या वर्षी ते वारले. लोखंड म्हणून ज्याला आयुष्यभर मिरवलं, त्याला गंज लागल्यावर ‘तू तर लोखंड ना’ असं उत्तर मिळालं. कणखरपणाच्या कौतुकातला धोका हाच आहे. ज्याला काही होत नाही असं आपण ठरवून टाकलं, त्याला काही झालं की आपल्याजवळ त्याच्यासाठी शब्द उरत नाहीत.

तिसरं म्हणणं असं, की तो चेंडूच वेगळा होता. आजचा चेंडू पाणी पीत नाही, तेव्हा प्रश्न त्या पिढीबरोबर संपला. हे ऐकायला सोपं वाटतं म्हणून फार पसरलं आहे. कोरड्या चेंडूचं वजन नियमाने १९३७ पासून तेच आहे, १४ ते १६ औंस. जुना चेंडू भिजून जड व्हायचा हे खरं, पण जड चेंडू हळू यायचा; आजचा हलका राहतो आणि जोरात येतो. ग्लासगोच्या अभ्यासात चामडी चेंडूच्या काळातल्या आणि नंतरच्या खेळाडूंच्या धोक्यात फरक आढळला नाही. आज तिशीत असलेल्यांचं काय होणार हे तीस वर्षांनी कळेल. तोपर्यंत ‘आता सगळं ठीक आहे’ असं म्हणायचं, की सावध राहायचं?

चौथा मुद्दा खेळाच्या आत्म्याचा. हेडर गेला तर फुटबॉल राहील का? मला स्वतःला हेडर प्रिय आहे. हवेत थांबल्यासारखा दिसणारा माणूस आणि मानेचा तो झटका यापेक्षा सुंदर गोष्टी या खेळात थोड्याच आहेत. आजच्या आज बंदी घाला म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या टोकाच्या मागणीने समोरच्यांना काहीच न करण्याची सबब मिळते. कारण बहुतेक हेडर सामन्यात होतच नाहीत, सरावात होतात. प्रीमियर लीगमधल्या आपल्या २६० गोलांपैकी ४६ डोक्याने करणारा अॅलन शिअरर म्हणाला होता, की सामन्यातल्या अशा एकेका गोलमागे सरावात हजारभर हेडर असतील. ते हजार कमी केले तर सामन्यातला एकही क्षण कमी होत नाही. इंग्लंडमध्ये जुलै २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूंना आठवड्याच्या सरावात दहापेक्षा जास्त जोरकस हेडर मारू नयेत असं सांगितलं आहे. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२२ मध्ये सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावातला हेडर थांबवला. प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांचा सरावातला हेडर फेब्रुवारी २०२० मध्येच बंद झाला होता, अमेरिकेने तर दहा वर्षांपर्यंतच्यांसाठी तो २०१५ मध्येच थांबवला. या सगळ्यानंतर फुटबॉल मेला का? कोल्हापुरात, मडगावात, मुंबईच्या मैदानांवर दहा वर्षांच्या पोराला ओळीत उभं करून डोक्यावर चेंडू फेकणाऱ्या प्रशिक्षकांना मला एवढंच विचारायचं आहे: त्या वयात त्याला पायाने चेंडू थांबवायला शिकवलं तर काय बिघडेल?

पुढच्यांची काळजी घेणं सोपं आहे, त्याला फारसा पैसा लागत नाही. अवघड आहे ते मागच्यांचं देणं फेडणं. इंग्लंडमध्ये उपचार सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळतात, पण स्मृतिभ्रंश झालेल्याला भरवणं, न्हाऊमाखू घालणं, रात्री उठून घराबाहेर पडू न देणं याला तिथलं सरकार उपचार धरत नाही. ही शुश्रूषा मालमत्ता मोजून मिळते. २३,२५० पौंडांच्या वर काही असेल तर खर्च स्वतःचा. आठवड्याला वीस पौंडांच्या जमान्यात कारकीर्द सुरू केलेल्या माणसाकडे काय साठलेलं असणार? दात काढून ठेवून खेळणारे, विश्वचषक जिंकल्यावर एका हातात करंडक आणि दुसऱ्या हातात कवळी घेऊन वेम्बलीवर नाचलेले नॉबी स्टाइल्स. ते नृत्य इंग्लंडच्या प्रत्येक म्हाताऱ्याला आठवतं. २०१० मध्ये याच स्टाइल्सनी आपली पदकं लिलावात विकली, मुलाबाळांसाठी काहीतरी मागे राहावं म्हणून. मृत्यूनंतर त्यांच्याही मेंदूत तोच झिजेचा आजार सापडला.

आणि उद्योगाकडे काय आहे? प्रीमियर लीगच्या नुसत्या ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे हक्क २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी ६.७ अब्ज पौंडांना गेले. माजी खेळाडूंच्या मेंदूविकारांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाडू संघटनेच्या सोबतीने निधी उभा राहिला, त्यात लीगने सुरुवातीला घातले दहा लाख पौंड. निधी निघाला हे चांगलंच झालं, त्यातून काही घरांना आधार मिळतोय, ते मी नाकारत नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शिवाय ही मदत आहे. अर्ज करायचा, कागद दाखवायचे, मिळाली तर आभार मानायचे. गिरणी कामगाराला जी भरपाई कायद्याने मिळते ती मागताना त्याला मान खाली घालावी लागत नाही. आमच्या पहिलवानांना, हिंदकेसरी-महाराष्ट्र केसरींना, म्हातारपणी सरकार मानधन देतं. ते कमी असेल, उशिरा येत असेल, त्यावर तालमीतालमींत तक्रारी आहेत. पण ज्याच्या अंगाने आपण मोठे झालो त्याचं म्हातारपण आपलं, ही समज त्यामागे आहे. जगातल्या सर्वात श्रीमंत लीगला ती समज का परवडू नये?

इथे चाहत्यांवर येतो. कणखरपणाची मागणी चाहत्यांचीच होती. स्ट्रेचर आलं की शिट्ट्या, उठून उभा राहिला की गर्जना. ती गर्जना ज्याने ऐकली तो पुन्हा डोकं घालणारच. मी स्वतः शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून अशी गर्जना केलेली आहे, आणि त्या प्रेमात खोट नव्हती. खोट पुढच्या वाटेत आहे, जेव्हा तेच प्रेम आजाऱ्याच्या दारापाशी येऊन थबकतं. ‘त्यांना तसंच आठवायचं, तगडे असतानाचे’ असं आपण म्हणतो आणि वळतो. डेनिस लॉ यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये, शब्द अजून हाताशी होते तोवर, आपला स्मृतिभ्रंश स्वतः जाहीर केला. त्या वयात, त्या नावाच्या माणसाने हे सांगणं, हाही कणखरपणाच आहे, आणि फुटलेल्या कपाळाने खेळण्यापेक्षा मला तो मोठा वाटतो. चाहत्यांच्या गोष्टींत त्याला जागा का नसावी?

अॅस्टल यांच्या वेस्ट ब्रॉमच्या चाहत्यांनी ती करून दाखवली. २००२ च्या सुमारास खेळाच्या संघटनांनी तरुण खेळाडूंवर दहा वर्षांचा अभ्यास जाहीर केला होता, तो मध्येच विरून गेला आणि अॅस्टल कुटुंबाला कुणी कळवलंही नाही. मग ‘जस्टिस फॉर जेफ’चे फलक घेऊन लोक हॉथॉर्न्स या क्लबच्या मैदानावर येऊ लागले. त्यांचा शर्ट नऊ नंबरचा, म्हणून नवव्या मिनिटाला सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायचं. ११ एप्रिल २०१५ ला लेस्टरविरुद्ध संघ १९६८ च्या अंतिम सामन्याच्या पांढऱ्या वेशात उतरला, आणि त्याच दिवशी अॅस्टल यांच्या नावाची संस्था सुरू झाली. ज्या ग्लासगो अभ्यासाचे आकडे मी वर दिले, त्याला खेळाडू संघटनेने आणि फुटबॉल असोसिएशनने पैसे दिले ते या दबावानंतर. त्या चाहत्यांनी जेफ अॅस्टल यांचे हेडर विसरावे लागतील असं कधी म्हटलं नाही. ते ‘किंग’चं गाणं म्हणतच राहिले.

एक माणूस आणखी सांगायचा राहिला. फ्रँक कोपेल, डंडी युनायटेडचे डावे बचावपटू, क्लबसाठी चारशेहून जास्त सामने. ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. स्कॉटलंडमध्ये तेव्हा वैयक्तिक शुश्रूषा मोफत मिळायची ती पासष्टी ओलांडलेल्यांना. त्याआधी आजार गाठला तर पैसे भरा. तोवर त्यांच्या पत्नी अमांडा यांनी सांभाळलं आणि भरलं. फ्रँक एप्रिल २०१४ मध्ये गेले, पासष्ट पूर्ण झाल्यावर एकोणीस दिवसांनी. त्यानंतर अमांडा संसदेच्या पायऱ्या चढत राहिल्या. एप्रिल २०१९ पासून स्कॉटलंडमध्ये पासष्टीच्या आतल्या गरजू आजाऱ्यांनाही ही शुश्रूषा मोफत मिळते. सरकारी कागदांत त्या तरतुदीचं नाव वेगळं असेल, लोक तिला ‘फ्रँक्स लॉ’ म्हणतात. त्या नावाखाली आज ज्यांना सकाळी कुणीतरी आंघोळ घालायला येतं, त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्यात एकही फुटबॉल सामना पाहिलेला नाही.